वतन होते, मालकी कुठे होती?

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात विक्री, गहाण, भाडेपट्टा, बक्षीस या सगळ्यांच्या व्याख्या आहेत. 'मालकी'ची व्याख्या मात्र नाही. विद्यार्थ्यांना शिकवतात ते असे : ताबा, उपभोग आणि विल्हेवाट लावण्याचा अधिकार मिळून मालकी होते. या कसोटीवर महार वतन तपासून पाहू.

आजही काही जण म्हणतात, "तुम्हाला तर जमिनी होत्या, तुम्ही वतनदार होता." होतो, पण कसले? १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत पदे कायद्याखाली ही जमीन गावकीच्या चाकरीशी बांधलेली होती. रात्री-अपरात्री निरोप पोचवायचा, सरकारी अधिकाऱ्यांची ओझी वाहायची, पडेल ते काम करायचे. वतनदार हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्याला जुंपायचे. पिढ्यानपिढ्या वाटण्या होऊन वाट्याला काही गुंठे उरायचे, चाकरी मात्र पूर्ण करावी लागायची. इथे जमीन माणसाच्या मालकीची नव्हती. जमिनीच्या निमित्ताने माणूसच बांधलेला होता.

बाबासाहेबांनी हे कायद्याच्या भाषेत ओळखले. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. मागणी सरळ होती : वतनदाराला चाकरीतून सुटण्याचा हक्क द्या, तो पूर्ण शेतसारा भरेल आणि जमीन त्याच्याकडे राहील. म्हणजे दास नको, खातेदार करा. प्रस्थापितांनी विरोध केला आणि विधेयक मंजूर झाले नाही.

ही वतने खालसा करणारा कायदा १९५८ साली झाला. चाकरी गेली. ठरलेली रक्कम भरल्यावर जमिनी पुन्हा प्रदान झाल्या, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत, वाटता येणार नाहीत, या अटीवर. सातबाऱ्यावर आजही अशा जमिनीपुढे 'भोगवटादार वर्ग २' दिसते. शब्दच पाहा : मालक नव्हे, भोगवटादार.

इथे कायद्याची आणखी एक गंमत आहे. एखाद्या खासगी व्यक्तीने जमीन देताना 'कधीच विकायची नाही' अशी अट घातली, तर हस्तांतरण कायद्याच्या कलम १० नुसार ती अट रद्द ठरते. पण सरकारी अनुदानाच्या जमिनींना १८९५ च्या कायद्याने यातून वगळले होते. इतरांना जी अट घालता येत नव्हती, ती सरकारला घालता येत होती.

यावर उत्तर दिले जाते की ही अट आमच्या संरक्षणासाठी आहे. हा मुद्दा खोटा नाही. गरजू माणसाला फसवून, कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन जमीन लाटणारे गावोगावी आहेत. मग अट शिथिल करताना पहिला लाभ मूळ वतनदाराच्या वारसाला मिळायला हवा. नजराणा भरण्याची ऐपत असलेल्या धनदांडग्याला नव्हे. ज्या कुलपाची किल्ली फक्त पैसेवाल्याच्या हाती लागते, त्याला संरक्षण कसे म्हणायचे?

म्हणून बांधवांनो, नुसते 'आमचे वतन होते' म्हणून थांबू नका. सातबारा, जुने फेरफार आणि पुनर्प्रदानाचा आदेश तहसील कार्यालयातून काढा. वारस नोंदी पूर्ण करा, त्यात बहिणींची नावेही लावा. फेरफार म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. म्हणून मूळ आदेश जपून ठेवा. आजोबांनी चाकरी करून जी जमीन राखली, ती नातवांनी कागद वाचून राखायची आहे.

जय भीम!