विमानप्रवासासाठी रोड बाइकचे पॅकिंग

विमानप्रवासासाठी रोड बाइकचे पॅकिंग म्हणजे शर्यतीसाठी किंवा दीर्घ पल्ल्याच्या सायकलस्वारीसाठी वापरली जाणारी हलकी सायकल अंशतः सुटी करून, तिचे भाग परस्परांवर घासणार किंवा दाबले जाणार नाहीत अशा रीतीने पेटीत भरण्याची प्रक्रिया होय. रोड बाइकचे वजन सामान्यतः ७ ते १० किलोग्रॅम असते. तिची रचना स्वाराचा भार आणि रस्त्याचे धक्के पेलण्यासाठी केलेली असते, बाजूने येणारा दाब सोसण्यासाठी नव्हे. विमानतळावर मात्र पेटी आडवी पडते, उलटी होते आणि तिच्यावर इतर सामान रचले जाते. त्यामुळे या पॅकिंगचा मुख्य उद्देश ओरखडे टाळणे एवढाच नसतो. फ्रेम, फोर्क व चाके यांना वरून न दिसणारी इजा होऊ न देणे आणि मुक्कामी सायकल पुन्हा सुरक्षितपणे जोडता येणे हे अधिक महत्त्वाचे असते.

पार्श्वभूमी

इटलीतील सायकलपटू व उत्पादक तुल्यो कांपान्योलो यांनी १९३० च्या सुमारास विकसित केलेल्या क्विक रिलीज यंत्रणेमुळे सायकलची चाके हत्याराविना काढता येऊ लागली. पुढे लांबच्या स्पर्धांना विमानाने जाण्याची प्रथा रूढ झाली, तेव्हा हीच सोय सायकल पेटीत भरण्यासाठी उपयोगी पडली. दर चार वर्षांनी फ्रान्समध्ये होणाऱ्या सुमारे १,२०० किलोमीटरच्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या उपक्रमासाठी जगभरातून, भारतातूनही, सायकलस्वार जातात. २०१५ साली नाशिकचे डॉ. महेंद्र व डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही स्पर्धा दोघांच्या गटात पूर्ण केली, तर २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. अशा स्पर्धांत स्वार आपल्या शरीराच्या मापाला बसवलेली सायकलच सोबत नेतात, कारण सीटची उंची किंवा हँडलबारचे अंतर थोडे बदलले तरी लांबच्या प्रवासात त्याचा त्रास होतो.

पेटीचे प्रकार

पुठ्ठ्याचा खोका : नव्या सायकली दुकानात ज्या खोक्यांतून येतात तेच खोके बहुधा वापरले जातात. ते वजनाला हलके असून अनेकदा दुकानात मोफत मिळतात. मात्र पुठ्ठा भिजल्यास त्याची ताकद जाते आणि उचलण्यासाठी पाडलेली भोके फाटतात. एकाच बाजूच्या प्रवासासाठी, किंवा परतीच्या वेळी नवा खोका मिळण्याची शक्यता असल्यास, हा पर्याय सोयीचा ठरतो.

मऊ पिशवी : जाड कापड, फोमचे अस्तर आणि तळाशी धातूची चौकट अशी तिची रचना असते. घडी घालून ती कमी जागेत ठेवता येते. वरून येणाऱ्या दाबापासून तिच्यात मर्यादित संरक्षण मिळते.

कठीण पेटी : ही प्लास्टिकची असते. काही पेट्यांत दोन बाजूंच्या भिंतींमध्ये आधाराचा दांडा बसवतात, जेणेकरून वरचे ओझे फ्रेमवर न येता दांड्यावर येते. संरक्षण सर्वाधिक असले तरी रिकाम्या पेटीचेच वजन बरेच असल्याने सामानाची मर्यादा लवकर गाठली जाते.

याखेरीज फ्रेमच दोन भागांत सुटी होईल अशा सायकलीही मिळतात. त्यांची पेटी लांबी, रुंदी व उंची यांच्या १५८ सेंटिमीटर या प्रचलित एकत्रित मर्यादेत बसू शकते. नेहमीच्या सायकलपेट्या ही मर्यादा ओलांडतात.

सुटे करण्याची प्रक्रिया

काम सुरू करण्यापूर्वी सीट पोस्टची उंची व हँडलबारचा कोन यांच्यावर चिकटपट्टीने खुणा केल्या जातात आणि छायाचित्रे घेतली जातात.

पायडल : डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पाना वरच्या बाजूस उभा धरून सायकलच्या मागच्या दिशेने ओढल्यास दोन्ही पायडले सैल होतात.

चाके : क्विक रिलीजचा दांडा आसातून पूर्ण काढला जातो, अन्यथा त्याचे टोक फ्रेमला भोक पाडू शकते. चाके फ्रेमच्या दोन बाजूंना ठेवतात व मध्ये पुठ्ठा किंवा फोम घालतात.

फ्रेम व फोर्कची टोके : चाक काढल्यावर फोर्कचे दोन पाय आणि फ्रेमचे मागचे दोन पाय आधारहीन होतात. पेटी आडवी असताना त्यांवर भार आला तर ते आत दबू शकतात. म्हणून चाकाच्या जागी प्लास्टिकचा आधार बसवणे अत्यावश्यक मानले जाते. आधाराची लांबी आसाच्या मापाची असावी लागते: पुढे १०० मिलिमीटर, मागे क्विक रिलीज असल्यास १३० आणि डिस्क ब्रेकच्या थ्रू-एक्सल सायकलीत १४२ मिलिमीटर. नव्या सायकलींच्या खोक्यात असे तुकडे येतात व दुकानातून ते मिळू शकतात.

मागचा डिरेलर : हा भाग फ्रेमबाहेर आलेला असतो. तो ज्या लहान हँगरवर बसवलेला असतो तो अपघातात फ्रेमऐवजी स्वतः वाकावा अशा हेतूने मऊ धातूचा केलेला असतो. त्यामुळे पेटी त्या बाजूवर आपटल्यास सर्वप्रथम हँगरच वाकतो आणि मग गिअर नीट बदलत नाहीत. जास्त वाकल्यास डिरेलर आऱ्यांत अडकू शकतो. डिरेलर हँगरवरून सोडवून, फोममध्ये गुंडाळून मागच्या त्रिकोणात बांधणे हा यावरील उपाय आहे. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असल्याने सुटा हँगर सोबत ठेवण्याचा प्रघात आहे.

हँडलबार : पुढील पट्टीचे स्क्रू काढून तो फ्रेमला बांधला जातो. स्टेमही काढल्यास फोर्क खाली घसरून बेअरिंग विखुरण्याचा धोका असतो. म्हणून रिकाम्या जागी रिंगा घालून वरचे झाकण पुन्हा बसवतात. केबल हँडलबारच्या आतून गेलेल्या सायकलींत हँडलबार सहज सुटा होत नाही. अशा सायकलींसाठी रुंद पेटी लागते.

डिस्क ब्रेक : हायड्रॉलिक ब्रेकचा हातदांडा चाक नसताना दाबला गेल्यास आतील पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत बसत नाही. त्यामुळे पॅडमध्ये प्लास्टिकची पट्टी घालतात. डिस्क वाकू नये म्हणून ती चाकावरून उतरवून वेगळी ठेवली जाते.

फ्रेमच्या नळ्यांवर वातानुकूलन यंत्राच्या पाइपांवर घालतात तसा फोम चढवला जातो. सुटे स्क्रू व हत्यारे एका पिशवीत घालून ती फ्रेमला बांधतात, कारण पेटीत मोकळा हिंडणारा पाना प्रवासभर फ्रेमवर आपटत राहतो. सुरक्षा तपासणीत पेटी मालकाच्या गैरहजेरीत उघडली जाऊ शकते. त्यामुळे अनोळखी व्यक्तीलाही ती पूर्ववत बंद करता येईल अशी मांडणी हितावह ठरते.

टायरमधील हवा

विमानाच्या सामानकक्षात टायर फुटतो, असा समज प्रचलित आहे. प्रवासी विमानांचा सामानकक्ष साधारणतः प्रवासी कक्षाइतक्याच दाबाखाली असतो आणि हा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो. म्हणजे टायरला जाणवणारा फरक सुमारे ४ पीएसआय इतकाच होतो. पूर्ण निर्वातातही तो १५ पीएसआयपेक्षा कमी राहील. तरीही अनेक विमान कंपन्या हवा कमी करण्याची अट घालतात. हवा पूर्ण न काढता थोडी ठेवल्यास रिमला धक्क्यांपासून संरक्षण मिळते.

निर्बंधित वस्तू

सुट्या लिथियम बॅटऱ्या व पॉवर बँक नोंदणीकृत सामानात चालत नाहीत. त्या हातसामानातच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सामान्यतः परवानगी असते, १०० ते १६० वॉट-तासांसाठी कंपनीची संमती लागते आणि त्याहून मोठ्या बॅटऱ्या प्रवाशांना नेता येत नाहीत. विद्युत सायकलींच्या बहुतेक बॅटऱ्या याच शेवटच्या गटात मोडतात. टायर भरण्याची कार्बन डायऑक्साइडची काडतुसे कंपनीच्या पूर्वसंमतीनेच नेता येतात; म्हणून अनेक स्वार हातपंप नेतात व काडतुसे मुक्कामी विकत घेतात. ज्वलनशील स्प्रे व द्रावके नेण्यास मनाई आहे.

वजन व शुल्क

अनेक आंतरराष्ट्रीय मार्गांवर इकॉनॉमी वर्गात एका नगाची मर्यादा २३ किलोग्रॅम असते. सामान हाताळणाऱ्या कामगारांच्या सुरक्षिततेसाठी ३२ किलोग्रॅमपेक्षा जड नग सहसा स्वीकारला जात नाही. काही कंपन्या सायकल नेहमीच्या सामानात धरतात, तर काही क्रीडासाहित्य म्हणून वेगळे शुल्क घेतात व पूर्वनोंदणी मागतात. एकाच तिकिटावर दोन कंपन्यांची विमाने असल्यास दोन्हींचे नियम तपासावे लागतात.

पुनर्जोडणी व तपासणी

सायकल जोडताना क्रमाला महत्त्व असते. आधी फोर्कच्या वरच्या झाकणाचा स्क्रू आवळून बेअरिंगमधील खेळ काढला जातो, मग स्टेम चाकाशी सरळ रेषेत आणून त्याचे बाजूचे स्क्रू आवळले जातात. क्रम उलटल्यास बेअरिंग सैल राहते. स्टेम व सीट पोस्टच्या स्क्रूंसाठी बहुधा ४ ते ६ न्यूटन-मीटर बल पुरेसे असते व ते भागावर छापलेले असते. कार्बन फायबरचा भाग जास्त आवळल्यास चिरडतो आणि कमी आवळल्यास घसरतो. त्यामुळे टॉर्क पाना वापरला जातो.

धातूची नळी दबल्यास सहसा पोचा दिसतो. कार्बन फायबरचे आतील थर मात्र वरचा रंग शाबूत असतानाही सुटलेले असू शकतात. अशी नळी उतारावर अचानक तुटू शकते. म्हणून पेटीला पोचा, भोक किंवा चिरडल्याची खूण असल्यास त्या जागेसमोरील भाग बारकाईने तपासला जातो. नाण्याने हलके ठोकून आवाजातील फरक ऐकण्याची रीत प्रचलित आहे, परंतु ती केवळ संशय दर्शवते. खात्रीसाठी तज्ज्ञांकडून तपासणी आवश्यक असते.

नुकसानभरपाई

आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाच्या नुकसानीची जबाबदारी १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराने ठरते. भारतात तो २००९ पासून लागू आहे. नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते. विलंबासाठी ही मुदत २१ दिवस आहे. भरपाईची मर्यादा प्रतिप्रवासी ठरलेली असून २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ विशेष आहरण हक्क इतकी आहे. महागड्या सायकलीची किंमत याहून अधिक असू शकते; अशा वेळी जादा मूल्याची आगाऊ घोषणा किंवा स्वतंत्र विमा हे पर्याय उरतात. पेटीतील सदोष मांडणी हे नुकसानीचे कारण ठरल्यास भरपाई नाकारली जाऊ शकते. यासाठी पॅकिंगच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे ठेवली जातात आणि शक्यतो विमानतळ सोडण्यापूर्वीच पेटी उघडून पाहिली जाते.

हेही पहा

सायकल
डिरेलर
कार्बन फायबर
मॉन्ट्रियल करार