बैलाचे हक्क : पोळ्यापासून घटनापीठापर्यंत

धाराशिव जिल्हा हा देवणी गोवंशाच्या पट्ट्यातला. इथल्या शेतीत दावणीच्या बैलालाही परंपरेने काही हक्क दिले आहेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. जू वाहून घट्टे पडलेला खांदा कोमट पाण्याने धुऊन त्यावर तूप-हळद चोळतात. श्रावण अमावास्येला, पोळ्यादिवशी, बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत.

कायद्याने बैलाच्या हक्कांचा हा प्रश्न पुढे नेला. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने विनाकारण वेदना देणे हा गुन्हा ठरवला. 11 जुलै 2011 रोजी केंद्राने बैलाच्या खेळांना मनाई केली आणि 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली. जगण्याच्या हक्काचा विस्तार करत न्यायालयाने भूक, भीती, वेदना यांपासूनची मुक्तता हा प्राण्यांचा हक्क मानला. मग शर्यतींना परवानगी देण्यासाठी महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. त्याखालील नियमांनी शर्यतीची धाव 1000 मीटरपर्यंत मर्यादित केली आणि चाबूक, काठी वर्ज्य ठरवली.

18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. प्राण्यांना माणसासारखे मूलभूत हक्क असल्याचे मानण्यास घटनापीठाने नकार दिला. म्हणजे समानता नाही, पण संरक्षण आहे. ते देण्याची जबाबदारी माणसावरच आहे. मुक्या जनावराला दाद मागता येत नाही, म्हणून ती अधिकच मोठी ठरते.