तळटीप : दुनळी रायफलीची किंमत

* लंडनमध्ये घडवलेल्या दुनळी रायफलीची भारी किंमत वाचून ‘नावाचे पैसे’ असे वाटेल; थोडे असतातही. पण दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठरावीक अंतरावर एकाच जागी पडाव्यात म्हणून कारागीर नळ्यांमधली पाचर सरकवतो, डाख देतो, गोळ्या झाडून पाहतो, पुन्हा डाख वितळवतो. शिवाय हत्यारे-साच्यांचा खर्च मोजक्याच नगांवर पडतो. उलट, रेमिंग्टन कंपनीने १९६२ साली आणलेल्या एकनळी ‘मॉडेल ७००’ रायफलीचा गोल सांगाडा लेथवर झटपट कातता येई. ती नेमाला उणी होती का? मुळीच नाही, एकनळीला ही जुळणी लागतच नाही. जादा पैसा अचूकतेचा नव्हे, दुसरी गोळी तत्क्षणी हाताशी असण्याचा. मात्र एकनळीतही घडणीला मोल असतेच: विंचेस्टर कंपनीने १९६४ साली आपल्या एकनळी ‘मॉडेल ७०’ची घडण स्वस्त केली, तेव्हा शिकाऱ्यांनी त्याआधीच्या जुन्या ‘मॉडेल ७०’लाच जास्त भाव दिला.