बेस्नोइटिया रोग, गुरांतील
बेस्नोइटिया बेस्नोइटी या प्रजीवामुळे (एकपेशीय जीवोपजीवीमुळे) गुरांना होणारा चिवट स्वरूपाचा रोग. रोग जुना झाल्यावर जनावराची कातडी जाड, राठ व सुरकुतलेली होऊन हत्तीच्या कातडीसारखी दिसू लागते. सु. शंभर वर्षे यूरोपात हा रोग एका कोपऱ्यापुरता मर्यादित समजला जात होता. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तो नव्या प्रदेशांत आढळू लागला आणि त्यामुळे गुरांच्या कळपांचे पद्धतशीर सर्वेक्षण करणे आवश्यक झाले.

इतिहास : या रोगाचे पहिले वर्णन काडेआक यांनी १८८४ मध्ये फ्रान्समध्ये केले, तथापि त्याचे कारण त्या वेळी अज्ञात होते. बेस्न्वा व रोबँ यांनी १९१२ मध्ये रोगी गाईच्या कातडीत जीवोपजीवीच्या पुटी (जाड आवरणाच्या सूक्ष्म पिशव्या) असल्याचे दाखविले. मारोतेल यांनी १९१३ मध्ये बेस्न्वा यांच्या नावावरून या प्रजीवाच्या जातीचे नामकरण केले व त्याच वर्षी आंरी यांनी त्यासाठी बेस्नोइटिया ही स्वतंत्र प्रजाती कल्पिली. पुढील महत्त्वाचे संशोधन दक्षिण आफ्रिकेत झाले. तेथे पोल्स यांनी १९६० मध्ये रोगकारणाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, तर बिगाल्के यांनी त्या दशकात चावऱ्या माश्यांद्वारे होणाऱ्या संक्रमणावर प्रयोग केले.

लक्षणे व प्रसार : प्रथम ताप, नाकातून स्राव, प्रकाश सहन न होणे व डोके, गळा आणि पाय यांवर सूज ही लक्षणे दिसतात. या अवस्थेत प्रजीव रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत वाढतो. त्यानंतर त्वचा व संयोजी ऊतकात पुटी तयार होतात, केस गळतात व जनावर खंगते. वळूंमध्ये वृषणशोथ होऊन कायमचे वंध्यत्व येऊ शकते. गोमाश्या व तबेल्यातील माश्या आपल्या सोंडेतून प्रजीव यांत्रिक रीत्या एका जनावरापासून दुसऱ्याकडे नेतात. निकट सहवासानेही प्रसार होत असावा. प्रजीवाचा अंतिम पोषक प्राणी अद्याप निश्चित झालेला नाही.

सर्वेक्षण : फ्रान्समधील पिरेनीज पर्वताचा परिसर आणि स्पेन व पोर्तुगालचे काही भाग ही रोगाची जुनी क्षेत्रे होत. १९९० नंतर फ्रान्समध्ये त्याची व्याप्ती आल्प्सपर्यंत वाढली. २००८ च्या सुमारास जर्मनीतील बव्हेरियात व त्यानंतर इटली आणि स्वित्झर्लंड येथे तो आढळला. यूरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये यूरोपात नव्याने पसरणारा रोग म्हणून त्याची नोंद घेतली.

केवळ लक्षणे पाहून केलेली पाहणी अपुरी ठरते, कारण संसर्ग झालेल्या गुरांपैकी बहुसंख्य गुरे बाह्यतः निरोगी दिसतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पुटी (व्यास सु. ०·५ मिमी.) नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतात व ही तपासणी गोठ्यातच करता येते, परंतु सर्वच बाधित जनावरांत त्या आढळत नाहीत. म्हणून रक्तरसातील प्रतिपिंडे शोधणारी एलायझा कसोटी कळपातील सर्व जनावरांवर करतात. इतर जवळच्या प्रजीवांविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे ही कसोटी कधीकधी चुकीचा होकार देते. ज्या प्रदेशात रोग विरळ असतो, तेथे असे चुकीचे होकार खऱ्यांच्या तुलनेने फार असतात आणि त्यावर विसंबल्यास धडधाकट जनावरे नाहक मारली जातात. यासाठी वेस्टर्न ब्लॉट या दुसऱ्या कसोटीने पडताळा घेतात. याउलट, नुकताच संसर्ग झालेल्या जनावरात प्रतिपिंडे निर्माण होण्यास काही आठवडे लागत असल्याने काही काळाने फेरतपासणी आवश्यक ठरते.

नियंत्रण : या रोगावर खात्रीशीर औषध उपलब्ध नाही. दक्षिण आफ्रिका व इझ्राएल येथे जिवंत प्रजीवांची लस वापरली गेली. यूरोपीय संघात मात्र तिला परवाना नाही. त्यामुळे विकत घेतलेली गुरे, विशेषतः वळू, कळपात मिसळण्यापूर्वी तपासणे हाच मुख्य उपाय होय. उन्हाळ्यात अनेक मालकांची गुरे डोंगरावरील सामाईक कुरणांत एकत्र चरतात. तेथे एका कळपाच्या मालकाने घेतलेली खबरदारी शेजारच्या कळपाची तपासणी न झाल्यास निष्फळ होते. रोगाची लागण थोड्या जनावरांत असल्यास ती काढून टाकतात. लागण फार पसरली असल्यास तसे करणे पशुपालकास परवडत नाही. अशा वेळी रोगलक्षणे असलेली जनावरे आधी काढून उरलेल्यांतील बाधित व अबाधित गुरे वेगळी ठेवतात. सर्वेक्षणाचा उद्देश केवळ रोगी जनावरांची गणना करणे हा नसून, कोणते जनावर राखता येईल हे ठरविणे हाही आहे.