गैरहजर कोण, मतदार की मतदान?

निवडणूक उरकली की मीरा-भाईंदरच्या नावाने ठरलेली तक्रार सुरू होते. 20 ऑगस्ट 2017 ची महापालिका निवडणूक तर रविवारी होती, तरी निम्म्याहून जास्त मतदार केंद्राकडे फिरकले नाहीत. सुशिक्षित लोक सुट्टीला बाहेरगावी जातात, परप्रांतीयांना गावाशी देणंघेणं नसतं, चाकरमान्याला लोकल सोडून दुसरं जग नसतं, अशी कारणं मग सांगितली जातात. त्यांत थोडं थोडं तथ्य असेलही. पण भाईंदर पूर्वेचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा दोष माणसांच्या स्वभावापेक्षा सत्तेच्या जागेत आहे असं दिसतं. इथल्या जगण्यावर परिणाम करणारे निर्णय बहुधा मतपेटीच्या आवाक्याबाहेर झाले, आणि जिथे निर्णय होत नाही तिथे माणूस रांगेत उभा राहत नाही.

सुरुवात जमिनीपासूनच करावी लागते. 1870 मध्ये मुंबई सरकारने खाडीचं खारं पाणी रोखणारे बांध राखण्याच्या कामासाठी इथल्या जमिनी रामचंद्र लक्ष्मणजी यांना दिल्या, त्याही 999 वर्षांच्या पट्ट्याने. हा हक्क पुढे इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे गेला, आणि बांधकामासाठी कंपनीचा ना-हरकत दाखला लागतो का, हा वाद शहर उभं राहिल्यावरही मिटला नाही. मिठाची गोष्ट वेगळी नव्हती. आगर पिकवणारा आगरी इथला, पण मिठावरचा कर ठरवणारं खातं ब्रिटिश सरकारचं. स्वातंत्र्यानंतरही मीठ हा विषय केंद्राकडेच राहिला. 1937 च्या प्रांतिक निवडणुकीत मताचा हक्क शेतसारा, कर, शिक्षण अशा अटींवर मिळत होता, त्यामुळे आगरावर राबणारे बहुतेक हात मतदार यादीत असणं शक्यच नव्हतं. सर्वांना मत मिळालं ते 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. तोवर इथल्या माणसाने अर्ज आणि विनवण्यांचं राजकारण पुरेपूर शिकून घेतलं होतं.

मताला खरं वजन आलं ते ग्रामपंचायतींच्या काळात, असं माझं मत आहे. आजचं भाईंदर पूर्व हे नवघर, खारी, गोडदेव या जुन्या गावांच्या शिवारावर उभं आहे. 1958 च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाखालच्या पंचायतीत मोजकेच सदस्य असत. विहीर, पायवाट, दिवाबत्ती अशा कामांचा जाब विचारायला त्यांच्या ओटीवर जाता येई. त्या काळाचे उगाच गोडवे गाण्याचं कारण नाही, कारण जात, भावकी आणि जमीनदारीचं वजन तिथेही होतंच. पण मत कुणाला दिलं आणि त्याचं काय झालं, यांतलं अंतर लहान होतं. 12 जून 1985 रोजी पाच ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली आणि 28 फेब्रुवारी 2002 रोजी महापालिका. मधल्या काळात लोकसंख्या कुठच्या कुठे गेली. 1991 ला पावणेदोन लाख, 2001 ला 5 लाख 20 हजार, 2011 ला 8 लाख 9 हजार. 2017 मध्ये 24 प्रभागांतून 95 नगरसेवक निवडायचे होते. म्हणजे जुन्या जनगणनेच्या आकड्यानेही एका प्रभागात सरासरी तेहेतीस-चौतीस हजार माणसं, आणि बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक. गटार तुंबलं तर चौघांपैकी कुणाचा दरवाजा ठोठावायचा, हे साधं कोडं आहे. प्रभागपद्धतीही टिकली नाही. 2007 ला एकसदस्यीय, 2012 ला द्विसदस्यीय, 2017 ला चार सदस्यांची. आपला माणूस ओळखीचा होईपर्यंत सीमाच बदलायची.

यावर वाजवी आक्षेप असा येतो की, हे सगळं राज्यभर झालं, मग भाईंदरचंच रडगाणं का? इथे यादीचा प्रश्न पुढे येतो. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारं कुटुंब नवघर रोडवरून इंद्रलोकला, तिथून जेसल पार्कला सरकतं. नाव मात्र जुन्या पत्त्यावर किंवा गावच्या यादीत राहतं. कायद्याने नाव एकाच ठिकाणी असावं लागतं, त्यामुळे उत्तर प्रदेश, राजस्थान, कोकण अशा ठिकाणी नाव असलेला इथे राहूनही मतदार नसतो, आणि इथून निघून गेलेला कागदावर मतदार असतो. टक्केवारीच्या हिशेबात हे दोघेही गडबड करतात. त्यामुळे कमी आकड्याचा काही भाग उदासीनतेचा नसून शिळ्या यादीचा आहे. सक्तीचं मतदान हा उपाय सुचवणाऱ्यांनी शेजारचा गुजरात पाहावा. तिथे स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचं करणारा कायदा झाला, पण 2015 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे: लोकांना खरंच तळमळ असती, तर विधानसभेला तरी त्यांनी धडा शिकवला असता. तर तो त्यांनी शिकवलाच आहे. 2008 च्या पुनर्रचनेनंतर 2009 मध्ये शहराला स्वतःचा मतदारसंघ मिळाला, आणि तिथून गिल्बर्ट मेंडोन्सा राष्ट्रवादीचे, 2014 ला नरेंद्र मेहता भाजपचे, 2019 ला विद्यमान आमदाराला हरवून अपक्ष गीता जैन, 2024 ला पुन्हा मेहता निवडून आले. तीनदा आमदार बदलणारा मतदार निर्विकार म्हणता येत नाही. पण आमदार बदलला तरी नळ कुणाच्या हाती? पाणी स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून येतं. सूर्या प्रकल्पातलं 218 दशलक्ष लिटर पाणी आणण्याची योजना एमएमआरडीएची आहे, मेट्रोही तिचीच. लोकल रेल्वेची. 999 वर्षांच्या पट्ट्यापासून इथवर पाहिलं तर मालक बदलले, अंतर तेच राहिलं.

आणि खुद्द सरकारची गैरहजेरी? ऑगस्ट 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. न्यायालयीन वाद आणि आरक्षणाच्या घोळात साडेतीन वर्षांच्या आसपास निवडणूकच झाली नाही. या काळात मत द्यायला उत्सुक असलेल्यालाही केंद्र नव्हतं, आणि मतदानाच्या नावाने बोटं मोडणाऱ्या कुणीही या रिकाम्या खुर्च्यांची टक्केवारी काढली नाही. अखेर 15 जानेवारी 2026 हा मतदानाचा दिवस ठरला. प्रभाग बहुतेक जुन्याच धर्तीचे, चौघांचे. म्हणजे मतदाराला यंत्रावर चार बटणं दाबायची होती, आणि गटार तुंबल्यावर दार कुणाचं, हे कोडं तसंच होतं.