बशीच्या पाठीवरची तारीख

कुठेही गेलो की समोरची बशी उलटी करून बघायची सवय मला पॅरिसमध्ये लागली. कामानिमित्त काही आठवडे तिथे होतो. एका रविवारी जुन्या बाजारात एक बशी दिसली : हिरवी किनार, मधोमध गुलाबांचा गुच्छ, कडेला सोन्याची रेघ. पाठीवर निळ्या रंगात एकमेकांत गुंतलेले दोन ‘एल’ आणि त्यांच्यामध्ये ‘एफ’.

तिथेच उभं राहून फोनवर शोधलं. दोन ‘एल’ म्हणजे राजा पंधरावा लुई, म्हणजेच सेव्रचा कारखाना. मधलं अक्षर म्हणजे साल. ‘ए’ १७५३ चं, त्या हिशोबाने ‘एफ’ १७५८ चं. दुकानदाराने काहीच दावा केला नाही. मीही घासाघीस न करता पैसे मोजले.

बशी खोटी आहे हे नंतर कळलं. ते कसं कळलं, यातच फ्रेंच पोर्सेलिनचा अर्धा इतिहास येतो.

आपण ज्याला सरसकट ‘चिनी माती’ म्हणतो, तिचं गुपित युरोपला शतकानुशतकं उलगडत नव्हतं. जर्मनीतल्या मायसेनमध्ये १७१० मध्ये कारखाना निघाला. फ्रान्समध्ये व्हॅन्सेनला १७४० मध्ये सुरुवात झाली, १७५६ मध्ये कारखाना सेव्रला आला आणि १७५९ मध्ये राजाने तो विकत घेतला. अडचण एकच होती : खऱ्या पोर्सेलिनसाठी लागणारी काओलिन ही पांढरी माती त्यांच्याकडे नव्हती. मग काचेसारखं मिश्रण भाजायचं, दळायचं आणि त्यात दुसरी माती मिसळायची, असा जुगाड केला गेला. हे ‘मऊ’ पोर्सेलिन. भट्टीत ते सहज वाकडं व्हायचं, पुष्कळ माल वाया जायचा. पण त्याची झिलई इतकी मऊ की रंग तिच्यात मुरायचे. आज संग्राहक ज्यासाठी जीव टाकतात ते हेच.

१७६८ च्या सुमारास लिमोजजवळ सां-इरिए इथे काओलिन सापडली. एका वैद्याची बायको ती माती साबणासारखी कपडे धुवायला वापरायची, असं सांगतात. त्यानंतर फ्रान्समध्ये ‘कडक’ पोर्सेलिन बनू लागलं. लिमोजमध्ये १७७१ मध्ये कारखाना निघाला.

आता माझी बशी. तिच्यावर सुरीचा ओरखडा उठत नाही. रंग झिलईत मुरलेले नाहीत, वर बसलेत. बोट फिरवलं की जाणवतात. म्हणजे ती कडक आहे, आणि १७५८ मध्ये सेव्रमध्ये कडक पोर्सेलिन बनतच नव्हतं. शिवाय किनारीचा तो पिवळसर हिरवा रंग क्रोमियमचा वाटतो. क्रोमियमचा शोध लागला १७९७ मध्ये! पाठीवरची तारीख बदलता येते. मातीची आणि रंगाची बदलता येत नाही.

एवढं कळल्यावर मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. तेही टिकलं नाही. १८०० मध्ये ब्रोन्यार सेव्रचा प्रमुख झाला. त्याने मऊ पोर्सेलिन बंद केलं आणि गोदामात पडून असलेला कोरा, पांढरा माल विकून टाकला. बाहेरच्या चित्रकारांनी त्यावर जुन्या पद्धतीची फुलं-पक्षी काढले, पाठीवर जुनी सालं टाकली. माती सेव्रची, झिलई सेव्रची, फक्त चित्र आणि तारीख खोटी. म्हणजे नुसत्या मातीवरही विसंबायचं नाही. सगळं एकमेकांशी जुळवून बघायचं.

सेव्रमध्ये तारखेजवळ चित्रकार आपली स्वतःची खूणही करत : एखादं अक्षर, ठिपके, छोटं चिन्ह. त्या खुणांवरून अडीचशे वर्षांनंतर कोणाचा हात होता ते ओळखता येतं. माझ्या बशीवर तशी खूण नाही. गुलाब मात्र झकास काढलेत, पाकळीवरची सावलीसुद्धा चुकलेली नाही. इतकं जमणाऱ्या माणसाला स्वतःची खूण टाकता आली नाही, कारण ती टाकली असती तर बशी विकली गेली नसती. माझे पैसे गेले, त्याचं नावच गेलं.

बशी घरी आहे. सुरुवातीला मी ती कपाटात ठेवली होती. आई म्हणाली, ‘‘खोटी आहे ना? मग वापर की.’’ आता तिच्यात पोहे खातो. कडक असल्याने चमच्याने काही होत नाही. फक्त मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची नाही, सोन्याची रेघ आहे.