आध्यात्मिक दत्तकविधान
गर्भपाताचा धोका असलेल्या एका अनोळखी गर्भस्थ बाळासाठी नऊ महिने रोज करायची कॅथलिक प्रार्थना. अमेरिकन आर्चबिशप फुल्टन शीन (१८९५–१९७९) यांच्या छोट्याशा प्रार्थनेवरून ती रूढ झाली. पोलंडमध्ये १९८७ पासून तिची चळवळ झाली. भाविक बाळाला मनोमन नाव ठेवतो, जपमाळेचे दहा मणी ओढतो. अनेक जण २५ मार्चच्या मरियेच्या शुभवार्तेच्या सणाला आरंभ करून नाताळला समाप्ती करतात; हिशेब अर्थातच गर्भारपणाचा. महाराष्ट्रातला जळगाव जिल्हा कॅथलिक चर्चच्या नाशिक धर्मप्रांतात (स्थापना १९८७) मोडतो. या प्रार्थनेतली मरियाभक्ती इथेही मुरलेली आहे. याच धर्मप्रांतातील हरेगावची मतमाउलीची (मरियेची) यात्रा सप्टेंबरात भरते. भारतात १९७१ च्या कायद्याने गर्भपाताला अटींसह मुभा आहे. चर्चचा विरोध कायम आहे.